घरगुती जमाखर्चाची दुसरी प्रत आणि पुनर्लेखनक्षम तबकडी

हिशेबाची वही एकच असू नये, हा विचार आपल्याकडे नवा नव्हे. पेठेतील जुना व्यापारी दिवसभराच्या नोंदी कच्च्या कीर्दीत करी, दिवेलागणीनंतर त्या पक्क्या कीर्दीत उतरवी आणि तेथून खातेवार खतावणी करी. एक चोपडी गहाळ झाली तरी उरलेल्या दोहोंवरून हिशेब पुन्हा उभा राही. संगणकावर जमाखर्च लिहू लागल्यापासून मात्र ही सवय सुटत चालली आहे. टॅली किंवा जीएनयूकॅश यांसारख्या प्रणालीत वर्षानुवर्षांच्या नोंदी एका फाईलमध्ये अथवा एका संचिकेत साठतात. ती बिघडली म्हणजे कच्ची, पक्की आणि खतावणी ही तिन्ही एकदमच जातात.

शिक्षकाच्या घरी असा हिशेब क्षुल्लक नसतो. पतसंस्थेचे हप्ते, विम्याचे भरणे हे तर सर्वांचेच आहेत. जे शिक्षक 1 नोव्हेंबर 2005 रोजी किंवा त्यानंतर सेवेत आले, त्यांना वेतनातून होणाऱ्या निवृत्तिवेतन अंशदानाचा मेळ कित्येक वर्षांनी घालावा लागेल. त्या वेळी स्वतःजवळची नोंद असणे आणि नसणे यांत पुष्कळ अंतर पडते. बीड शहराने 23 जुलै 1989 रोजी बिंदुसरेचा पूर पाहिला आहे. 21 जून 2012 रोजी मुंबईत मंत्रालयाला आग लागली, तीत कागदपत्रांचे मोठे नुकसान झाले. घरातील संगणकाला एवढे मोठे निमित्तही लागत नाही. विजेचा एक झटका पुरतो.

दुसरी प्रत ठेवण्याचे एक साधन म्हणजे पुनर्लेखनक्षम तबकडी, जिला व्यवहारात सीडी-आरडब्ल्यू म्हणतात. ती 1997 च्या सुमारास बाजारात आली. बारा सेंटिमीटर व्यासाच्या या तबकडीत 650 ते 700 मेगाबाइट माहिती मावते. घरगुती जमाखर्चाची फाईल बहुधा काही थोड्या मेगाबाइटांचीच असते. तबकडीत चांदी, इंडियम, अँटिमनी व टेल्युरियम यांच्या मिश्रधातूचा पातळ थर असतो. लेसर किरणाने त्यातील ठिपका वितळवून तो झटकन थंड केला, तर तेथील कणांची रचना विस्कळीत होते व तो ठिपका प्रकाश कमी परतवतो. तोच ठिपका वितळण्याच्या खालच्या उष्णतेपर्यंत तापवला, की स्फटिकरचना पुन्हा जुळते व लेखन पुसले जाते. वर्गात हे सांगताना पाटी-पेन्सिलीचा दाखला पुरेसा होईल. सुमारे एक हजार वेळा असे पुसून लिहिता येते. एकदाच लिहावयाच्या सीडी-आर तबकडीत मात्र रंगद्रव्याचा थर असतो. त्यावरचे लेखन म्हणजे शाईचे लेखन.

या भेदावरून एक व्यवहार ठरतो. चालू महिन्याच्या प्रतींसाठी पाटी, आणि 31 मार्च रोजी वर्ष बंद झाले की त्या वर्षासाठी शाई. ज्यावर चुकून पुन्हा लिहिता येते, त्यावर कायमचे दप्तर ठेवू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रत काढण्यापूर्वी हिशेबाची प्रणाली बंद करावी. ती उघडी असताना फाईल अर्धवट लिहिलेली असू शकते, आणि अर्धवट फाईलची प्रत अर्धवटच निघते. प्रणालीत ‘बॅकअप’ अशी आज्ञा असल्यास तिचाच उपयोग करावा. तबकडी तत्काळ पुसण्याच्या पद्धतीत केवळ अनुक्रमणिका पुसली जाते; वारंवार त्रास देणारी तबकडी संपूर्ण पुसून घ्यावी. लेखन पुरे झाल्यावर सत्र बंद केल्याशिवाय तबकडी बाहेर काढू नये, नाहीतर ती दुसऱ्या संगणकात वाचली न जाण्याचा संभव असतो. नव्या संगणकांत तबकडीचे यंत्र बहुधा नसते. ते बाहेरून यूएसबी तारेने जोडावे लागते.

आता ज्या ठिकाणी बहुतेकांची गाडी अडते, तेथे येऊ. प्रत तबकडीवर आहे, ती संगणकात उतरवली, तरी प्रणाली ती उघडत नाही किंवा नवी नोंद घेत नाही. कारण असे की, जुन्या विंडोज प्रणालींत तबकडीवरून उतरवलेल्या फाईलवर ‘केवळ वाचनासाठी’ ही खूण तशीच राहत असे. फाईलच्या गुणधर्मांत जाऊन ती खूण काढली की काम होते. फाईल थेट तबकडीवरून उघडून तीत नोंदी करण्याचा प्रयत्न करू नये. आधी ती संगणकात उतरवून घ्यावी. आणि हे सारे संकट आल्यावर प्रथमच करून पाहण्यात अर्थ नाही. तीन महिन्यांतून एकदा प्रत दुसऱ्या संगणकावर उघडावी व शेवटची शिल्लक बँकेच्या पासबुकाशी ताडून पाहावी.

तबकड्या तीन असाव्यात. आजा, बाप आणि लेक अशी नावे दिल्यास मुलांच्याही ध्यानात राहते. नवे लेखन नेहमी सर्वांत जुन्या तबकडीवर करावयाचे, म्हणजे आजाचा लेक होतो व बाकीचे एकेक पायरी चढतात. फाईल आठ दिवसांपूर्वीच बिघडली होती असे उशिरा कळले, तरी बापाजवळ किंवा आजाजवळ चांगली प्रत सापडते. तिन्हींपैकी एक तरी दुसऱ्या घरी ठेवावी. आपल्याकडील उन्हाळा ध्यानी घेता पत्र्याखालचे कपाट तबकड्यांस योग्य नव्हे. नाव लिहिण्याची बाजू बळकट समजून लोक तिच्यावर टोकदार लेखणी चालवतात. वस्तुतः सीडीत माहितीचा थर त्याच बाजूच्या जवळ असतो. मऊ टोकाची लेखणी वापरावी आणि पुसताना मध्यापासून कडेकडे पुसावे.

पेनड्राइव्ह असताना हा खटाटोप कशाला, असे काही बंधू विचारतील. पेनड्राइव्ह अवश्य वापरावा, त्यालाही हाच क्रम लागू आहे. परंतु मे 2017 मध्ये वॉनाक्राय नावाच्या विषाणूने जगभरच्या संगणकांतील फाईली कुलूपबंद केल्या. संगणकाला जोडून ठेवलेले साधन अशा वेळी सुरक्षित राहत नाही; पेटीत ठेवलेल्या तबकडीपर्यंत विषाणू पोहोचू शकत नाही. प्रणालीही चिरंजीव नसतात. मायक्रोसॉफ्ट मनी ही घरगुती हिशेबाची प्रणाली 2009 मध्ये विक्रीतून काढण्यात आली. म्हणून वर्षाखेरीस गोषवारा कागदावर छापून तबकडीच्या पेटीत ठेवावा.

सातवीच्या वर्गास हा पाठ आपल्या भागातील हिशेबावरून द्यावा. मानू या, एका कोयत्याने 1,20,000 रुपये उचल घेतली. दर टनास 400 रुपये धरून हंगामात 240 टन तोड झाली, म्हणजे 96,000 रुपये फिटले. 8 खाड्यांचे दरदिवशी 500 प्रमाणे 4,000 रुपये उचलीत मिळवले. बाकी 28,000 राहिली. आता विद्यार्थ्यांस विचारावे की मुकादमाच्या वहीत 10 टनांची नोंद सुटली तर बाकी किती दिसेल? ती 32,000 दिसेल, आणि वही एकच असेल तर तीच खरी ठरेल. वजनाच्या पावत्यांवरून मुलाने स्वतः लिहिलेली दुसरी वही घरी असेल, तर ते 4,000 रुपये मागता येतात.

हंगामी वसतिगृहातील मुलांनी ही आकडेमोड प्रथम वहीत करावी. दूरध्वनीवर आईबापांकडून दर आठवड्याची टने विचारून घ्यावीत आणि शनिवारी शाळेच्या संगणकावर नोंदवावीत. शिक्षकाने त्याच दिवशी क्रमाची तबकडी लिहून घ्यावी, तीवर दिनांक घालावा आणि मुलाच्या वहीत तबकडीचा क्रमांक टिपून द्यावा.