फटफटी चालू का होत नाही?

आपल्याकडे मोटारसायकलला फटफटी म्हणतात. फट् फट् आवाज करते, म्हणून फटफटी. पेणच्या खारेपाटात जा, नाही तर रोह्याच्या डोंगरवाड्यांत जा. आज दारात बैल नसेल, पण फटफटी असते. तिच्यावरून दूध जाते, भाजी जाते, मासळी जाते. पेणच्या गणपतीच्या कारखान्यांतले कारागीर तिच्यावरून कामाला येतात. धाटावच्या कारखान्यात पाळी गाठायची, तर तीच उपयोगी पडते. अडीअडचणीला आजारी माणूसही तिच्यावरूनच दवाखान्यात जाते.

म्हणून फटफटी अडली, की घर अडते.

माझी फजिती

मी शाळामास्तर. नोकरी संपल्यावर जुनी फटफटी घेतली. एकदा नागोठण्याहून रोह्याला निघालो होतो. भिसे खिंडीत पाऊस थांबला. मी गाडी कडेला लावली, रेनकोट काढला, घडी घातली. पुन्हा किक मारली. गाडी गप्प! दहा किक मारल्या, वीस मारल्या. पाय दुखला, घाम फुटला. शेवटी गाडीलाच दोन शब्द सुनावले. गाडीला त्याचे काय?

इतक्यात एक टेम्पो थांबला. आतून माझाच एक जुना विद्यार्थी उतरला. त्याला मी वर्गात म्हणत असे, "अरे, तुझ्या डोक्यात काही शिरायचं नाही." आता त्याचे गॅरेज आहे. त्याने किक मारली नाही. आधी गाडीकडे नुसते पाहिले. मग हँडलवरचे लाल बटण अंगठ्याने सरकवले. एका किकमध्ये गाडी सुरू!

तो म्हणाला, "गुरुजी, बटण बंद होतं. रेनकोट काढताना हात लागला असेल."

मी खाली मान घातली. तो हसून म्हणाला, "गुरुजी, तुम्हीच सांगायचात ना? गणित सोडवण्याआधी नीट वाचा. गाडीचंही तसंच आहे. लाथ मारायच्या आधी बघायचं."

पुढचे दोन रविवार मी त्याच्या गॅरेजात जाऊन बसलो. तो बोलला, मी लिहून घेतले. तोच हा धडा आहे.

इंजिनाला काय लागते?

चूल पेटायला काय लागते? लाकूड लागते, काडी लागते आणि वारा लागतो. ओले लाकूड पेटत नाही. काडी ओली असेल तर जाळ होत नाही. तोंड बंद केले तर चूल विझते.

इंजिनाचेही तसेच. पेट्रोल हे त्याचे लाकूड. प्लगची ठिणगी ही त्याची काडी. आणि हवा तर हवीच. एक भार पेट्रोलाला सुमारे पंधरा भार हवा लागते. हे मिश्रण सिलिंडरमध्ये जाते. तेथे दट्ट्या ते दाबतो. मग प्लग ठिणगी टाकतो. मिश्रण भडकते आणि दट्ट्याला ढकलते. त्या जोराने चाक फिरते.

आत ओढणे, दाबणे, जाळणे, बाहेर टाकणे अशी ही चार कामे आहेत. असे चार कामांचे इंजिन जर्मनीतल्या ओटो नावाच्या माणसाने 1876 साली चालवून दाखवले. पुढे 1885 साली डाइमलर आणि मायबाख यांनी लाकडी सांगाड्याच्या दोन चाकांवर तसे इंजिन बसवले. गाड्या बदलल्या, पण ही चार कामे आजही तीच आहेत.

तेव्हा गाडी अडली, की तीनच प्रश्न विचारा. पेट्रोल येते का? ठिणगी पडते का? हवा मिळते का?

आधी फुकटचे तपासा

पहिल्या तपासणीला पाना लागत नाही, पैसा लागत नाही. फक्त डोळे लागतात.

चावी पूर्ण फिरवली आहे का? लाल बटण चालू आहे का? गिअर न्यूट्रलमध्ये आहे का? न्यूट्रलचा हिरवा दिवा लागतो का? साईड स्टँड वर आहे का? काही नव्या गाड्यांत स्टँड खाली असेल आणि गिअर पडलेला असेल, तर इंजिन सुरू होत नाही.

मग टाकी हलवा आणि आवाज ऐका. टाकीचे झाकण उघडून आत पाहायचे असेल, तर दिवसा उजेडी पाहा. रात्र असेल तर विजेरी वापरा. काडी कधीही ओढू नका. पेट्रोलाची वाफ डोळ्यांना दिसत नाही. ती हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरते आणि लांबच्या विस्तवानेही पेट घेते.

जुन्या गाडीला टाकीखाली पेट्रोलचा नळ असतो. त्याच्या तीन जागा असतात : बंद, चालू आणि राखीव. राखीव म्हणजे रिझर्व्ह. टाकी तळाला गेली, की नळ राखीववर न्यावा लागतो. पेट्रोल भरल्यावर तो परत चालूवर आणावा. नाही तर पुढच्या वेळी राखीव उरतच नाही.

गाडी सुरू होऊन थोड्या वेळाने बंद पडते का? मग झाकणाचे बारीक भोक पाहा. चिखलाने ते बुजले, तर टाकीत हवा जात नाही आणि पेट्रोल खाली उतरत नाही.

ठिणगी आणि बॅटरी

बटण दाबल्यावर नुसते कट् कट् वाजते का? हॉर्न मंद वाजतो का? मग बॅटरी उतरली आहे. आपल्या खारेपाटात वारा खारट. बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड धरते. ती साफ करून टोके घट्ट आवळावी आणि वर थोडे ग्रीस लावावे. तोवर किक असेल तर किकने गाडी सुरू करावी.

पावसात प्लगच्या टोपीत पाणी जाते. गाडी बंद करून टोपी काढा, कोरड्या फडक्याने पुसा, परत घट्ट बसवा. पुष्कळदा एवढ्यानेच काम होते.

प्लग काढायचा तर इंजिन थंड होऊ द्या. प्लग काळा झाला असेल, तर ब्रशने साफ करा. पेट्रोलाने ओला असेल, तर जास्त पेट्रोल गेले आहे. चोक बंद करा. प्लग पुसून वाळवा. दहा-पंधरा मिनिटे थांबा. मग परत किक मारा. सारख्या किक मारल्याने प्लग आणखी ओला होतो. माणूस रागावला, की गाडी जास्तच बिघडते, ती अशी.

प्लगला हजारो व्होल्टची वीज येते. गाडी चालू करताना प्लग किंवा त्याची वायर हातात धरू नये. ठिणगी पाहण्याचे काम जाणत्याकडून शिकून घ्यावे.

हवा आणि पाणी

भात झोडल्यावर घरात उंदीर वाढतात. ते एअर फिल्टरच्या डब्यात घर करतात, वायरी कुरतडतात. गाडी बरेच दिवस उभी असेल, तर तेथे पाहावे.

कुंडलिका किंवा अंबा नदीचे पाणी चढले आणि गाडी बुडाली, तर एकही किक मारू नका. बटणही दाबू नका. हवा दाबली जाते, पण पाणी दाबले जात नाही. इंजिनात पाणी असताना जोर लावला, तर आतला दांडा वाकतो. मग शंभराचे काम हजारांवर जाते. अशी गाडी ढकलत मेकॅनिककडे न्यावी.

आजच्या पेट्रोलात इथेनॉल मिसळलेले असते. इथेनॉल पाणी ओढून घेते. टाकीत पावसाचे पाणी गेले, तर ते तळाशी बसते आणि इंजिनाला पेट्रोलाऐवजी तेच मिळते. म्हणून झाकण नीट लावा. गाडी उघड्यावर ठेवू नका.

नव्या गाड्या

1 एप्रिल 2020 पासून धूर कमी करण्याचे नवे नियम लागू झाले. त्यानंतरच्या बहुतेक फटफट्यांत कार्बोरेटर नाही. पेट्रोल टाकीतल्या विजेच्या पंपाने येते. चावी फिरवली, की दोन-तीन सेकंद बारीक घूं असा आवाज येतो. आवाज आलाच नाही, तर फ्यूज आणि बॅटरी पाहा. इंजिनाचा पिवळा दिवा जात नसेल, तर स्वतः खटपट करू नका. टाकी पूर्ण कोरडी होऊ देऊ नका. त्या पंपाला पेट्रोलाचाच गारवा मिळतो.

एका रात्रीची गोष्ट

2019 सालच्या जुलैतली गोष्ट. आमच्या शेजारच्या वाडीत एका लहान मुलाला जुलाब-उलट्या लागल्या. मध्यरात्र झाली. मूल मलूल पडले. 108 ला फोन करावा, तर मोबाईलला रेंज नाही. बाप गाडीपाशी धावला. किकवर किक मारू लागला. गाडी फुरफुरे आणि बंद पडे.

मुलाची आई चार महिने आमच्या वर्गाला येत होती. फळ्यावरची माझी चिठ्ठी तिने वहीत उतरवली होती. ती विजेरी आणि वही घेऊन बाहेर आली. म्हणाली, "अहो, थांबा. मी वाचते, तुम्ही बघा."

ती एकेक अक्षर लावून वाचू लागली.

"एक. चावी."

"हाय."

"दोन. लाल बटण."

"चालू हाय."

"तीन. टाकी हलवून ऐका."

त्याने टाकी हलवली. आत तळाशी थोडेसे खुळखुळले.

"नळ राखीववर करा."

त्याने नळ फिरवला. क्षणभर थांबला. दुसऱ्या किकला गाडी सुरू झाली. वाटेत आई मुलाला मीठ-साखरेचे पाणी घोट घोट पाजत होती. रोह्याच्या दवाखान्यात सलाईन लावले. सकाळी मूल पेज मागू लागले.

बाप मला नंतर म्हणाला, "गुरुजी, गाडी मला चालवता येते. पण त्या रात्री ती हिच्या वाचनानं चालली."

ही चिठ्ठी उतरवून घ्या

1. चावी फिरवली का?
2. लाल बटण चालू आहे का?
3. टाकी हलवून ऐका. पेट्रोल कमी वाटले, तर नळ राखीववर करा.
4. गिअर न्यूट्रलमध्ये आहे का? स्टँड वर आहे का?
5. हॉर्न जोरात वाजतो का?
6. प्लगची टोपी कोरडी आणि घट्ट आहे का?
7. दहा किकमध्ये सुरू झाली नाही, तर थांबा. पुन्हा पहिल्यापासून पाहा.

आपल्या अक्षरात लिहा. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गाडीच्या डब्यात ठेवा. एक प्रत घरात भिंतीवर लावा. ज्याला गाडी येते त्याने पाहावे, ज्याला वाचता येते त्याने वाचावे.

शब्दांचे अर्थ

दट्ट्या – सिलिंडरमध्ये वरखाली होणारा भाग, पिस्टन
मिश्रण – एकत्र मिसळलेल्या वस्तू
राखीव – अडचणीसाठी मागे ठेवलेले
विजेरी – बॅटरीवर चालणारा हातातला दिवा, टॉर्च

प्रश्न

1. इंजिनाला कोणत्या तीन गोष्टी लागतात?
2. टाकीत पाहताना काडी का ओढू नये?
3. बुडालेल्या गाडीला किक का मारू नये?
4. तुमची गाडी शेवटची कधी अडली? का अडली? चार ओळी लिहा.