जुनी आउटबोर्ड मोटर : दुरुस्ती आणि चालन

लहान होडीच्या मागील फळीला बाहेरून अडकवावयाच्या एंजिनाला ‘आउटबोर्ड मोटर’ म्हणतात. येथे मोटर हा शब्द विजेच्या यंत्रासाठी नसून पेट्रोलवर चालणाऱ्या एंजिनासाठी रूढ झाला आहे. वर एंजिन, मध्ये उभा दांडा आणि पाण्याखाली दंतचक्रे व पंखा, अशी तिची तीन अंगे असतात. सबंध यंत्र वळविले की होडीची दिशाही बदलते. त्यामुळे निराळ्या सुकाणूची गरज राहत नाही.

यंत्राचा जन्म

अमेरिकेत डेट्रॉइट येथे कॅमेरॉन वॉटरमन ह्यांनी १९०५ च्या सुमारास असे यंत्र तयार केले. परंतु त्याचा खरा प्रसार ओली एव्हिनरूड ह्यांच्यामुळे झाला. १८७७ मध्ये नॉर्वेत जन्मलेले एव्हिनरूड बालपणीच आईवडिलांबरोबर विस्कॉन्सिन राज्यात आले व पुढे मिलवॉकी शहरात यंत्रकारागीर झाले. १९०९ मध्ये त्यांनी विक्रीस आणलेल्या मोटरीला एकच सिलिंडर होता. तिची शक्ती सुमारे दीड अश्वशक्ती आणि वजन ६२ पौंड, म्हणजे सुमारे २८ किलोग्रॅम, होते. १९२१ मध्ये त्यांनी ‘एल्टो’ ही दोन सिलिंडरांची मोटर काढली. तीत अॅल्युमिनियमचा वापर केल्याने वजन घटले. तिचे दोन्ही दट्ट्ये एकाच वेळी परस्परविरुद्ध दिशांना सरकत. त्यामुळे एकाचा हिसका दुसरा बव्हंशी नाहीसा करी. एव्हिनरूड नावाच्या मोटरींचे उत्पादन २०२० मध्ये थांबले. तथापि शंभर वर्षांपूर्वीच्या मोटरी दुरुस्त करून चालविणारे हौशी अभ्यासक अमेरिकेत व अन्यत्र आजही आहेत.

घाईचा धोका

फार जुन्या मोटरींचे सुटे भाग आता कारखान्यात तयार होत नाहीत. मोडलेले दंतचक्र मिळवावयाचे तर तशीच दुसरी निकामी मोटर शोधावी लागते. म्हणून अडगळीतून काढलेल्या मोटरीची दोरी ओढून पाहण्याचा मोह प्रथम आवरला पाहिजे. गंजामुळे किंवा घट्ट झालेल्या तेलामुळे दट्ट्या सिलिंडरात अडकलेला असल्यास जोर लावल्याने त्याचा दांडा वाकतो किंवा कडी तुटते. अशा वेळी ठिणगीचा प्लग काढून त्या छिद्रातून गंज सोडविणारे पातळ तेल आत सोडावे आणि काही दिवस वाट पाहावी. नंतर प्रचक्र, म्हणजे वरचे जड चाक, हाताने हळूहळू मागेपुढे हलवावे. जे काम तेल व काळ करतात, ते हातोड्याने करू नये.

तीन कसोट्या

एंजिन सुरू होण्यास तीन गोष्टी लागतात : दाब, ठिणगी आणि इंधन. त्यांची परीक्षा एकेक करून घ्यावी. तिन्हींत एकदम फेरफार केल्यास दोष नेमका कोठे होता, हे कळत नाही.

दाब पाहण्यासाठी प्लग बसवून प्रचक्र हाताने फिरवावे. दट्ट्या वर येताना स्पष्ट विरोध जाणवला पाहिजे. ह्या मोटरी बहुधा द्विधाव पद्धतीच्या असतात. त्यांत पेट्रोल व हवा ह्यांचे मिश्रण आधी दट्ट्याखालील बंद पेटीत शिरते, तेथे थोडे दाबले जाते आणि मग सिलिंडरात जाते. म्हणून त्या पेटीच्या सांध्यातून हवा निसटत असल्यास सिलिंडर उत्तम असूनही एंजिन सुरू होत नाही.

ठिणगीसाठी अनेक मोटरींत ‘मॅग्नेटो’ असतो. प्रचक्रातील चुंबक तारेच्या वेटोळ्याजवळून फिरतो आणि वेटोळ्यात विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो. योग्य क्षणी संपर्कबिंदू उघडून तो प्रवाह तोडतात. त्यामुळे दुसऱ्या, बारीक तारेच्या वेटोळ्यात उच्च दाबाची वीज निर्माण होऊन ठिणगी पडते. संपर्कबिंदूंवर साचलेला मळ, निकामी धारित्र आणि वेटोळ्यावरील तडकलेले विद्युत्‌रोधक आवरण, हे नेहमीचे दोष होत. प्लग बाहेर काढून त्याचे धातूचे अंग एंजिनाला टेकवावे व प्रचक्र फिरवावे. मात्र जवळपास पेट्रोल असता कामा नये. उघड्या हवेत ठिणगी पडली, एवढ्याने समाधान मानू नये. सिलिंडरातील दाबलेल्या मिश्रणातून ठिणगी जाण्यास अधिक विद्युत्‌दाब लागतो, म्हणून ती जोरदार व निळसर असावी.

इंधनाच्या बाबतीत जुनी मोटर आणि आजचे पेट्रोल ह्यांचे जुळत नाही. जुन्या कार्ब्युरेटरातील तरंगता गोळा पुष्कळदा बुचाच्या लाकडाचा असून त्यावर लाखेचा लेप असतो. लाख अल्कोहोलात विरघळते. आजच्या पेट्रोलात एथॅनॉल हे अल्कोहोल मिसळलेले असते. भारतात हे प्रमाण २०२५ मध्ये सुमारे २० टक्क्यांवर पोहोचले. लेप गेला की गोळा पेट्रोल शोषून जड होतो व खाली बसतो. मग पेट्रोल येण्याची वाट बंद होत नाही आणि ते बाहेर सांडू लागते. म्हणून एथॅनॉलरहित पेट्रोल वापरावे, अथवा गोळ्यावर अल्कोहोलाला दाद न देणारा लेप द्यावा.

वंगण, पाणी आणि एक लहानशी पिन

द्विधाव एंजिनाला वंगण पेट्रोलातूनच मिळते. काशाच्या साध्या धारव्यांवर फिरणाऱ्या अनेक जुन्या मोटरींना सोळा भाग पेट्रोलात एक भाग तेल लागते. नव्या मोटरींचे पन्नासास एक हे प्रमाण त्यांना घातक ठरते. दंतचक्रांच्या पेटीतील जुने वंगण काढून नवे भरावे. त्यात पाणी शिरल्याचे आढळल्यास तेथील बंधने बदलावी.

पंखा दांड्याला मऊ धातूच्या पिनेने जोडलेला असतो. पंखा खडकावर आपटला तर ती पिन तुटते व दंतचक्रे वाचतात. तिच्या जागी पोलादी खिळा ठोकला की वाचतो खिळा आणि मोडतात दंतचक्रे.

पहिली चाचणी पाण्याने भरलेल्या पिंपात, कमी गतीने व मोकळ्या हवेत घ्यावी. एंजिन पाण्याने थंड होणारे असल्यास पंप पाणी वर चढवीत आहे, ह्याची प्रथम खात्री करावी. पाणी बाहेर पडत नसल्यास एंजिन तत्काळ थांबवावे.

चालवावे किती?

द्विधाव एंजिनात धूर बाहेर पडत असतानाच ताजे मिश्रण आत येते. त्यामुळे पेट्रोलाचा बराच अंश, कधी चौथा हिस्साही, न जळताच तेलासह पाण्यात व हवेत मिसळतो. ह्याच कारणास्तव अमेरिकेत १९९६ मध्ये नव्या मोटरींसाठी प्रदूषणाचे नियम करण्यात आले. जुनी मोटर रोजच्या वाहतुकीस योग्य नव्हे, आणि पिण्याच्या पाण्याच्या तलावात तर ती मुळीच नेऊ नये. वर्षातून काही वेळा, थोडा वेळ चालविणे तिला सुस्थितीत ठेवण्यास पुरेसे असते.

प्रत्येक चालनानंतर टाकी व कार्ब्युरेटर रिकामे करावे, यंत्रातील पाणी निथळू द्यावे आणि सिलिंडरात थोडे तेल सोडून प्रचक्र दोनतीनदा फिरवावे. कोणता भाग मूळचा आहे, कोणता बदलला आणि तेलाचे प्रमाण किती ठेवले, हे वहीत तारखेसह लिहून ठेवावे. पुढे ती मोटर ज्याच्या हाती जाईल, त्याला तिच्याबरोबर ही वहीही मिळाली पाहिजे.