हेर्मान ल्योन्सच्या लेखनातील स्थलनिष्ठा

हेर्मान ल्योन्स (१८६६–१९१४) या जर्मन लेखकाचे नाव ल्युनेबुर्गच्या माळरानाशी कायमचे जोडले गेले आहे. त्याचा जन्म मात्र तिथला नव्हे. तो पश्चिम प्रशियातील कुल्मचा, आणि पुढे हानोव्हरमध्ये पत्रकार म्हणून स्थिरावलेला. वैद्यक व निसर्गविज्ञान यांचे शिक्षण त्याने अर्धवट सोडले. तरी गोगलगायींच्या अभ्यासात लागलेली निरीक्षणाची शिस्त त्याच्या ललित लेखनात उतरली. त्याच्या निसर्गचित्रांत पक्षी नुसते किलबिलत नाहीत. कोणता पक्षी, कोठून, कोणत्या वेळी बोलतो, याला तेथे महत्त्व आहे.

'म्युमेलमान' (१९०९) या संग्रहात ही दृष्टी परिपक्व झाली. शीर्षककथेचा नायक एक वृद्ध ससा आहे आणि हाक्याची शिकार येथे सशाच्या बाजूने अनुभवास येते. ल्योन्स स्वतः हाडाचा शिकारी होता, हे येथे विसरता येत नाही. सावजाच्या वाटा, वाऱ्याची दिशा, लपण्याच्या जागा यांचे शिकाऱ्याला आवश्यक असणारे ज्ञानच या कथेत सहानुभूतीचे साधन बनते. सशाला माणसाची भाषा मिळते, पण त्याचे भय सशाचेच राहते.

पुढच्याच वर्षीची 'डेर वेअरवोल्फ' ही कादंबरी याच भूमीतली. तीस वर्षांच्या युद्धात (१६१८–१६४८) माळरानातील शेतकरी लुटारूंविरुद्ध शस्त्र उचलतात. सशाला लाभलेले अंतरंग येथे परक्या माणसाला नाकारले जाते. त्याचा वध निवेदक हंगामातील एखाद्या कामासारखा निर्विकारपणे सांगतो. नाझी राजवटीत ही कादंबरी उचलून धरली गेली. १९१४ मध्ये फ्रान्सच्या रणभूमीवर पडलेल्या या लेखकाचे म्हणून मानलेले अवशेष १९३५ मध्ये वाल्सरोडेजवळ पुरण्यात आले. परंतु सारा दोष या उत्तरकालीन वापरावर ढकलणे प्रस्तुत लेखकास मान्य नाही. त्याचे बीज संहितेतच आहे.

शिवाय, ल्योन्सला जे माळरान तेथील शेतकऱ्याइतकेच सनातन भासते, ते निसर्गदत्त नव्हतेच. शतकानुशतकांची जंगलतोड, मेंढ्यांची चराई आणि गवताळ मातीचे थर काढून नेण्याची रीत यांतून ते घडले होते. कृत्रिम खते आणि वनीकरण येताच ते आक्रसू लागले. आजही तेथे मेंढ्या चारल्या नाहीत, तर भूर्ज आणि पाइन माजून हेदरची झुडपे झाकून टाकतात.