दादाचा अभ्यास, माझं वैराग्य



आजचा श्लोक : भगवद्गीता, अध्याय ६, श्लोक ३५.

याच्या आधीच्या श्लोकात अर्जुन तक्रार करतो, की मन आवरणं वाऱ्याला आवरण्याइतकंच अवघड आहे. भगवंत त्याच्यावर रागवत नाहीत. आधी मान्य करतात, की हो, मन चंचल आहे, आवरायला कठीणच आहे. मग दोन उपाय सांगतात : अभ्यास आणि वैराग्य.

हा श्लोक मी शाळेपासून ऐकत आलोय. कळला मात्र दादाच्या दारूमुळे.

दादा व्यसनमुक्ती केंद्रात जायला तयार झाला, त्याआधी दोन वर्षं मी त्याला ‘दुरुस्त’ करत होतो. खिसे तपासायचो, एटीएम कार्ड लपवायचो. तो कामावर गेला नाही की त्याच्या साहेबांना “ताप आलाय” असा फोन मीच करायचो. एकदा तर त्याला न सांगता वरणात मिसळायला औषध आणायच्या बेतात होतो.

केंद्रातल्या डॉक्टरांनी बजावलं, असं कधीच करायचं नाही. डायसल्फिरामची गोळी पोटात असताना माणूस प्यायला, तर उलट्या होतात, रक्तदाब घसरतो, जिवावर बेतू शकतं. ती गोळी रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीनेच द्यायची. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकदम बंद करणंही धोक्याचं. फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो. म्हणून सुरुवातीचे दिवस डॉक्टरांच्या देखरेखीत.

सात महिने छान गेले. मग विसर्जनाच्या रात्री दादा पिऊन आला. मी ओरडलो, “सगळं पाण्यात घातलंस!”

सकाळी तो खाली मान घालून म्हणाला, “मला परत केंद्रावर सोडशील?”

तेव्हा याच अध्यायातला २६वा श्लोक आठवला. मन जिथे जिथे भटकेल, तिथून त्याला परत आणायचं. म्हणजे ते भटकणार, हे भगवंतांनी धरलेलंच आहे! परत येणं हाच तर अभ्यास. दादा स्वतःहून परत निघाला होता. त्याचे सात महिने पुसले गेले नव्हते.

आणि वैराग्य? ते माझ्या वाट्याचं. वैराग्य म्हणजे दादाला सोडून देणं नाही, तर त्याच्या न पिण्यावरचा माझा ताबा सोडणं. आता मी त्याच्यासाठी खोटं बोलत नाही, उधारी फेडत नाही, खिसे बघत नाही. पण फॉलोअपला सोबत जातो, रात्री एकत्र जेवतो. आणि माझ्यासाठी कुटुंबीयांच्या मीटिंगला बसतो. अशा कुटुंबीयांसाठीची अल-अनॉन ही संघटना १९५१ साली सुरू झाली. ती सुरू करणाऱ्यांत लोइस विल्सन होत्या, अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या सहसंस्थापकाच्या पत्नी. नवऱ्याची दारू सुटल्यावरही घरच्यांना सावरायला वेळ लागतो, हे त्यांनी स्वतः अनुभवलं होतं.

खरं तर दोघांनाही दोन्ही लागतं. खिशाकडे जाणारा माझा हात मीही रोज परत आणतो.

आज दादाचा १३२वा दिवस. उद्याचं माहीत नाही. आज रात्री पिठलं-भाकरी आहे, एवढं नक्की.

आजचा संकल्प : आपल्या माणसासाठी आपण काय करतोय आणि त्याच्या वाटचं काय ओढून घेतलंय, ते शांतपणे लिहून काढू. घरात हाच प्रश्न असेल तर १४४४६ ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. फोन घरच्यांनीही करावा.

राम कृष्ण हरी!