कवटीवरून वयाचा अंदाज

भारतीय मानवशास्त्रीय सर्वेक्षणाचे दक्षिण विभागीय केंद्र म्हैसूर येथे आहे. या शास्त्राच्या अभ्यासकाला मानवी कवटी पाहताच पहिला प्रश्न पडतो तो वयाचा. जिवंत व्यक्तीच्या बाबतीत याचे उत्तर क्ष-किरण चित्रांत आणि १९७१ पासून वैद्यकात आलेल्या सीटी छेदचित्रांत शोधता येते.

नवजात अर्भकाचा चेहरा मेंदूकोशाच्या मानाने सुमारे एक-अष्टमांशच असतो. प्रौढपणी तो जवळजवळ निम्मा होतो. पुढची टाळू बहुधा दीड ते दोन वर्षांत भरते. कवटीच्या तळाशी असलेला जतुकास्थी व पश्चकपालास्थी यांमधील सांधा किशोरवयात जुळतो. मुलींमध्ये तो मुलांपेक्षा लवकर जुळतो. उतारवयात दात पडले की त्यांच्या खोबण्या झिजतात व जबड्याची उंची घटते.

माथ्यावरील शिवणींचा भरवसा मात्र धरता येत नाही. त्या कोणात लवकर बुजतात, तर कोणात वार्धक्यातही स्पष्ट दिसतात.

आरोपी अठरा वर्षांचा झाला आहे की नाही, यावर न्यायालयात त्याचे भवितव्य अवलंबून असते. तळाचा सांधा जुळलेला दिसला, एवढ्यावरून तो सज्ञान ठरत नाही. कारण अनेकांत हा सांधा अठराव्या वर्षापूर्वीच जुळतो. चित्रावरून वाढीची अवस्था कळते, जन्मतारीख नव्हे.