पेलेट स्टोव्हचा पाइप जोडताना

अगं, व्हरमाँटमध्ये घर घेतलंस आणि बर्फ पडायच्या आधीच पेलेट स्टोव्ह बसवायचं ठरवलंस, ते उत्तम केलंस. बसवायला माणूस येईल, नाहीतर तुम्ही दोघं मिळून पाइप जोडाल. काही का असेना, सांधे कसे बंद करतात ते तू स्वतः समजून घे. त्या घरात झोपायचंय तुम्हाला.

आजीच्या न्हाणीघरातला बंब आठवतो ना? तापलेली हवा हलकी होते आणि वर जाते, त्यामुळे त्याच्या नळीतून धूर आपसूक वर ओढला जायचा. नळीला कुठे फट असली तरी खोलीतली हवाच आत शिरायची. लाकडं जाळायच्या स्टोव्हचंही तेच. पेलेट स्टोव्हमध्ये मात्र पंखा असतो आणि तो धूर पाइपात ढकलतो. पाइपाच्या आत दाब बाहेरच्यापेक्षा जास्त, म्हणून सांध्यात केसाएवढी फट राहिली तरी धूर खोलीत येतो. धुराचा वास तरी येतो, पण त्याच्याबरोबर येणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. लाकडाच्या स्टोव्हची सवय असलेले शेजारी सांगतील की एवढं सिलिकॉन कशाला फासायचं. त्यांच्या स्टोव्हपुरतं ते बरोबर आहे, तू ऐकू नकोस.

पाइप पेलेटसाठी प्रमाणित केलेलाच आण. तो दुहेरी भिंतीचा असतो, आत स्टेनलेस स्टील, बाहेर गॅल्व्हनाइज्ड पत्रा, मध्ये हवेची पोकळी. कपडे वाळवायच्या मशीनचा अॅल्युमिनियमचा पाइप किंवा गॅसच्या उपकरणांचा बी-व्हेंट स्वस्त मिळाला तरी नको. सगळे तुकडे एकाच कंपनीचे घे, दोन कंपन्यांचे सांधे एकमेकांत नीट बसत नाहीत.

लांबीचा हिशेब दुकानात जायच्या आधी कागदावर कर. ९० अंशांचा एल्बो किंवा टी म्हणजे ५ फूट धरायचे, ४५ अंशांचा एल्बो ३ फूट, आडवा पाइप जेवढ्यास तेवढा आणि उभा पाइप निम्मा. समज, एक टी, ४ फूट उभा, एक एल्बो आणि भिंतीबाहेर २ फूट आडवा, तर ५ अधिक २ अधिक ५ अधिक २, झाले १४. साधारण १५ फुटांपर्यंत ३ इंची पाइप चालतो. यात आणखी एक एल्बो घातलास की ४ इंची घ्यावा लागेल. तुझ्या स्टोव्हच्या पुस्तकात वेगळा आकडा असेल तर तोच खरा मानायचा.

आता सांधे. काही पाइपांच्या तोंडाशी कारखान्यातूनच रबरासारखी रिंग बसवलेली येते. असे तुकडे एकमेकांत घालून घट्ट बसेपर्यंत पिळायचे, मध्ये सिलिकॉन लागत नाही. रिंग दुमडली किंवा फाटली नाही एवढं बोट फिरवून बघ. पण स्टोव्हच्या तोंडाशी पहिला तुकडा, म्हणजे अडॅप्टर जिथे बसतो, तो सांधा सिलिकॉननेच बंद करावा लागतो. धूर बहुतेक वेळा इथूनच गळतो, कारण पाइपाला रिंग आहे म्हणून लोक निर्धास्त राहतात. रिंग नसलेल्या पाइपाला प्रत्येक सांध्यात सिलिकॉन हवं.

ट्यूबवर ‘हाय टेम्परेचर आरटीव्ही’ लिहिलेलं बघून घे, निदान ५०० अंश फॅरनहाइट सोसणारं. बाथरूमच्या फरशीचं पांढरं सिलिकॉन इथे उपयोगाचं नाही. भट्टीचं सिमेंटही नको, पाइप तापून फुगतो, निवून आकसतो आणि ते तडकतं. नव्या पत्र्यावर तेलाचा हात असतो, तो रबिंग अल्कोहोलने पुसून काढ, नाहीतर सिलिकॉन धरत नाही. आत जाणाऱ्या टोकाभोवती ३ मिलिमीटर जाडीची सलग रेघ ओढ, पाइप आत घाल, थोडा पिळ, म्हणजे ते सगळीकडे पसरतं. बाहेर आलेलं बोटाने सारखं कर. स्क्रू मारायचे असतील तर आखूड घे, फक्त बाहेरच्या पत्र्यातून जाणारे. आतल्या भिंतीला भोक पडलं तर सांधा बंद करून काय मिळवलं? मग २४ तास स्टोव्ह पेटवायचा नाही. थंड, कोरड्या हवेत आणखी थांब. पाहुणे येणार म्हणून घाई करू नकोस.

पहिल्यांदा पेटवशील तेव्हा संध्याकाळची वेळ निवड. पेटताना धूर सगळ्यात जास्त असतो. दिवे मालव आणि टॉर्चचा झोत एकेका सांध्यावरून सावकाश फिरव, गळणारा धूर झोतात लगेच दिसतो. मग उदबत्ती धर. तिचा धूर एकाच जागी सारखा बाजूला ढकलला जात असेल तर तिथे फट आहे. पुढे कधी सांध्याजवळ करडी भुकटी साचलेली दिसली, तर तीही गळतीचीच खूण. स्टोव्हच्या दाराच्या कडेला हवा अडवायला बसवलेली दोरीही तपास. दारात डॉलरची नोट अडकवून दार लाव, नोट सहज ओढून निघाली तर दोरी बदलायला झाली.

उभा पाइप वाचवायला जाऊ नकोस. थेट भिंतीतून आडवा बाहेर काढला तर काम सोपं होतं, पण वीज गेली की पंखा थांबतो आणि आतलं जळतं इंधन धुमसत राहतं. त्या वेळी ३ ते ५ फूट उभा पाइप असला तर तोच धूर वर ओढून नेतो. तुमच्याकडे बर्फाच्या वादळात वीज जातेच, जानेवारी १९९८ मध्ये तर त्या सगळ्या पट्ट्यात कित्येक ठिकाणी दिवसेंदिवस नव्हती. पाइपाचं तोंड खिडकीदारांच्या बाजूला किंवा खाली असेल तर निदान ४ फूट लांब, वर असेल तर निदान १ फूट वर असू दे. साचणाऱ्या बर्फाच्या वर तर हवंच.

टीच्या खालच्या टोपणाला मात्र सिलिकॉन लावू नकोस. उडती राख तिथे जमते, आणि टनभर पेलेट जळले की ते उघडून पाइप ब्रशने साफ करायचा असतो. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म एक स्टोव्हच्या मजल्यावर आणि एक झोपायच्या खोलीबाहेर लाव. गावाच्या कार्यालयात परवान्याची चौकशी काम सुरू करायच्या आधी कर. तपासनीस येणार असेल तर त्याला सगळे सांधे उघडे दिसू देत, तोवर भिंतीची चौकट बंद करू नका.