ब्रेकच्या नळीतील हवा

जगदलपूरहून रायपूरकडे येताना मोटारीस केशकालचा वळणांचा घाट उतरावा लागतो. अशा वेळी चालकाच्या पायाचा जोर चाकांपर्यंत पोहोचविण्याचे काम ब्रेकच्या नळीतील द्रव करतो. कोंडलेल्या द्रवावरील दाब सर्व दिशांना सारखाच पसरतो, हा पास्कलचा (१६२३-१६६२) नियम येथे उपयोगी पडतो.

द्रव जवळजवळ दबत नाही. हवा मात्र सहज दबते. चाकाची तबकडी चिमट्याप्रमाणे धरणारा भाग म्हणजे कॅलिपर. तो बदलताना नळी उघडते व आत हवा शिरते. मग पायाचा जोर ती हवा दाबण्यातच खर्ची पडतो.

ही हवा काढण्यासाठी एकाने पेडल दाबून धरावे. दुसऱ्याने कॅलिपरवरील पोकळ स्क्रू किंचित सैल करावा. द्रवाबरोबर बुडबुडे बाहेर पडतात. पेडल सोडण्यापूर्वी स्क्रू आवळावा, नाहीतर हवा पुन्हा आत ओढली जाते. बुडबुडे थांबेपर्यंत असेच करावे. टाकीतील द्रव मात्र संपू देऊ नये.

हवा द्रवातून वर चढते, म्हणून हा स्क्रू कॅलिपरच्या माथ्याशी असतो. डाव्या-उजव्या कॅलिपरांची अदलाबदल झाल्यास तो तळाशी जातो आणि कितीही खटपट केली तरी हवा आतच राहते. पेडल पायाला घट्ट लागल्याखेरीज गाडी रस्त्यावर नेऊ नये.